मदत हवी आहे: सोलरवरच्या रास्पबेरी पायचा वीज वापर कमी कसा करावा?

नमस्कार मंडळी. दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत रास्पबेरी पाय ३बी प्लस (एका बोर्डावरचा छोटा संगणक) बसवला आहे. तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजून ४जी डोंगलने तो माहिती घरी नाशिकला पाठवतो. सोबत २० वॅटचं पॅनल आणि १२ व्होल्ट, ७ एएचची लेड अॅसिड बॅटरी आहे.

अडचण ढगाळ दिवसांची. छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी (केवडा) रोगाचा धोका वाढतो, नेमकी तेव्हाच माहिती हवी असते, आणि पहाटेपर्यंत बॅटरी बसते.

एचडीएमआय, ब्लूटूथ, वायफाय, एलईडी बंद केले, सीपीयूचा वेगही उतरवला. डोंगलसकट वापर ३.४ वरून २.६ वॅटवर आला. तरी दिवसाला ६२ वॅट-तास होतातच. बॅटरी पूर्ण भरली तरी ८४ वॅट-तास, आणि लेड अॅसिड निम्म्याखाली उतरवायची नाही.

पॅनल मोठं करता येणार नाही, खांब तेवढाच पेलतो. ईएसपी३२ (कमी विजेवर चालणारा मायक्रोकंट्रोलर) सुचवाल, पण पानांचे फोटोही काढायचे आहेत आणि सगळं पायथॉनमध्ये लिहून झालंय. पायला खरी झोप नाही, म्हणून डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपच्या अलार्मवर मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) दर अर्ध्या तासाला पुरवठा चालू करून, काम झालं की तोडायचा विचार आहे.

शटडाऊन पूर्ण झाल्यावरच पुरवठा तुटावा, नाहीतर एसडी कार्ड खराब होईल. यासाठी जीपीआयओ-पॉवरऑफ ओव्हरलेच्या (शटडाऊन झाल्यावर पायच्या एका पिनवर सिग्नल देणाऱ्या सेटिंगच्या) पिनवर भरवसा ठेवता येतो का, की वेगळा टायमर लावावा? कोणी प्रत्यक्ष चालवलंय का?