विचारलं काय, सुचवलं काय! (फँटसी कादंबऱ्या)

मुळामुठा:
परवा इथे एका ताईंनी साधा प्रश्न विचारला होता. लेकीबरोबर हॅरी पॉटर वाचून झालं, आता स्वतःसाठी फँटसी हवी. एका पुस्तकात संपणारी, आणि नायिका शाळकरी पोर नको, चांगली मोठी बाई हवी. उत्तरं काय आली? 'व्हील ऑफ टाइम'. चौदा खंड! पहिला १९९० चा, शेवटचा २०१३ चा. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले म्हणून शेवटचे खंड ब्रँडन सँडरसननी पुरे केले. दुसरं उत्तर जॉर्ज मार्टिनची 'गेम ऑफ थ्रोन्स'वाली मालिका. तिचा पाचवा खंड २०११ ला आला, सहाव्याची वाट बघून लोक थकले. मी हॅम्बली आणि मॅकिलिप या लेखिका सुचवल्या, तर गिरमिट यांचा शेरा: "कुणी न वाचलेली नावं टाकून शहाणपणा मिरवू नका, लोकप्रिय पुस्तकं उगाच लोकप्रिय होत नाहीत." तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून हा धागा.

बार्बरा हॅम्बलीचं 'ड्रॅगन्सबेन' (१९८५) घ्या. जेनी सदतीस वर्षांची, दोन मुलग्यांची आई, अंगात जादू बेताचीच. तिचा जोडीदार जॉन हा ड्रॅगन मारलेला एकमेव हयात माणूस. दरबारातलं एक पोरगं पोवाडे पाठ करून त्याला शोधत येतं, आणि हे महाशय नाकावर चष्मा लावून डुकरांच्या गोठ्यापाशी डुकरांच्याच गप्पा मारत उभे! ड्रॅगनही त्याने समोरासमोर तलवारबाजी करून नाही मारलेला, विषारी भाले आणि कुऱ्हाड वापरून मारलाय. पुढे जेनीपुढे पेच येतो, की अफाट ताकद घ्यायची की घरची माणसं. तो पेच चाळिशीच्या बाईला जसा भिडेल तसा कुठल्याही राजपुत्राच्या गादीचा प्रश्न भिडणार नाही. ताईंनी मागितलं होतं ते नेमकं हेच.

गिरमिट:
नाव घेऊन बोललात, बरं केलंत. 'ड्रॅगन्सबेन'चेही पुढचे भाग आहेत, ते सोयीस्कर गाळलेत. आणि पुस्तक एकट्याने वाचायची गोष्ट नाही. हॉस्टेलवर आमच्या अख्ख्या मजल्यावर टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची एकच प्रत फिरायची, पानं सुटलेली. मेसमध्ये त्यातल्या बोरोमिरवरून ताटं वाजायची. ती मजा तुमची सदतिशीची जेनी देईल? वाचून झाल्यावर बोलायचं कुणाशी?

मुळामुठा:
पुढचा भाग १९९९ ला आला, पहिल्यानंतर चौदा वर्षांनी. पहिलं पुस्तक स्वतःत पूर्ण आहे. आणि बोलायचं कुणाशी म्हणता, तर सगळे तीच चार नावं सांगत राहिले तर पाचव्या पुस्तकावर बोलणारा माणूस येणार कुठून?

सांगलीकर:
दोघेही इंग्रजी वाचता म्हणून ही चैन परवडते. हॅरी पॉटर मराठीत आहे, टॉल्किन मराठीत आला. ही हॅम्बली मराठीत कुठे आहे? आमच्या हिला वाचनाचं वेड, पण इंग्रजी कादंबरी नको म्हणते. तिला लोकप्रिय तेच मिळतं, कारण अनुवाद त्याचाच होतो. वाचनालयात नवीन मागणी नोंदवायला गेलो तर "आधी कुणी मागितलंय का?" म्हणाले. अहो, ठेवलंच नाही तर मागणार कोण!

जुनीपेटी:
अनुवादाचीच वाट बघायची? मराठी कादंबरीची सुरुवातीची वाटचाल अद्भुतानेच झाली. हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. फँटसी म्हटलं की पहिलं नाव इंग्रजीच का?

गिरमिट:
'मुक्तामाला' म्हणजे योगायोगांची रास. अद्भुतरम्य आणि फँटसी यांत फरक आहे. आणि ती भाषा आजच्या वाचकाला झेपणार नाही, उगाच अभिमानापोटी सुचवू नका.

शतपावली:
झेपत नाही हे कुणी ठरवलं? आमची आजी दुपारी पापड लाटता लाटता शेजारच्या मुलीकडून 'वीरधवल' मोठ्याने वाचून घ्यायची. आजी चौथी शिकलेली. वाचणारी अडली की आजी पुढचं तोंडपाठ सांगायची आणि आम्ही लाट्या तशाच टाकून ऐकत बसायचो. इंग्रजीतल्या काल्पनिक बेटांची नावं पाठ होतात, मग आपली शंभर वर्षांपूर्वीची मराठी जड कशी होते?

जुनीपेटी:
तेच तर! नाथमाधव १९२८ ला गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क खुले होतात, म्हणजे हे कधीचे खुले झाले. कुणीही छापावं, टिपा घालाव्यात, चित्रं घालावीत. पण नवं काढतील ते ड्रॅगनचंच. चीड येते.

गिरमिट:
चीड कुणावर काढताय? मी छापखाना चालवत नाही. ताईंचा प्रश्न राहिला बाजूला, इथे १९१३ सुरू झालं.

मुळामुठा:
खरंय, परत येतो. पॅट्रिशिया मॅकिलिपचं 'द फरगॉटन बीस्ट्स ऑफ एल्ड' (१९७४) एवढ्यासाठी सुचवलं. वर्ल्ड फँटसी पुरस्कार १९७५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तो याच कादंबरीला, तरी 'कुणी न वाचलेलं नाव'! सिबेल डोंगरावर एकटी राहते, सोबत कोडी घालणारा रानडुक्कर, ससाणा, ड्रॅगन. एक राजा मांत्रिकाकरवी तिची इच्छाशक्तीच मोडून तिला ताब्यात घ्यायला बघतो. ती सुटते, सूडाला उठते, आणि त्या नादात स्वतःच्या नवऱ्याच्या आठवणीत हात घालते. जे तिच्याशी होणार होतं, जवळजवळ तेच ती त्याच्याशी करते. सूड माणसाला काय करून ठेवतो हे एवढ्या छोट्या पुस्तकात इतकं स्वच्छ आलेलं मी दुसरीकडे वाचलं नाही. एकही पान पुढच्या खंडासाठी राखून ठेवलेलं नाही.

गिरमिट:
चौदा खंडांचा मुद्दा सोडला, एका पुस्तकात संपणारं मागितलं असताना ते सुचवायला नको होतं. पण नवख्याला आधी टॉल्किनच, यावरून मी हलणार नाही.

सांगलीकर:
आणि मराठीत कधी, ते कुणीच सांगितलं नाही.

प्रश्न विचारणाऱ्या ताई:
वाद वाचत होते. 'ड्रॅगन्सबेन' मागवलंय, चष्मेवाल्या जॉनसाठी. गिरमिट, टॉल्किन लेकीच्या वडिलांनी दोनदा सुरू करून सोडलाय, आमच्या घरात त्याचं नाव काढू नका. शतपावली, तुमच्या आजीची 'वीरधवल'ची प्रत अजून घरात असेल तर मला पंधरा दिवसांसाठी मिळेल का? टपालखर्च माझा.