मदत हवी आहे : पिकअपवरील कॅम्परच्या उचलत्या छतासाठी गॅस स्ट्रट

नमस्कार मंडळी. बडोद्यात घरीच, पिकअपच्या हौद्यावर बसेल असा उचलत्या छताचा कॅम्पर (प्रवासात झोपण्या-राहण्याची खोली) बांधत आहे. छत सुमारे ६० किलोचे होईल, म्हणजे ते तोलण्यास साधारण ५९० न्यूटन बल लागेल. परंतु छत बंद असताना गॅस स्ट्रट (दाबलेल्या वायूच्या जोरावर छत उचलणारे दांडे) जवळजवळ आडवे राहत असल्याने उभ्या दिशेने त्यांचे फारच थोडे बल मिळते, आणि अधिक जोराचे बसवावेत तर छत खाली ओढणे अवघड होते. १५० न्यूटनचे चार स्ट्रट घेऊन सुरुवातीची उचल हाताने द्यावी, की मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) कात्रीसारखी उघडमिट होणारी उचल-यंत्रणा बनवून घ्यावी? मला पहिला मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ (वाहनातील फेरफारांविषयीचे) लक्षात घेऊन कॅम्पर काढता येण्याजोगाच ठेवणार आहे. तशा जोडणीचा आरटीओतील अनुभव असल्यास तोही कृपया कळवावा.