भांडतात विहिणी, सुटतो मुलगा: ‘कासाल, कासाली, कासालो’ बघून पडलेला प्रश्न

खमंग काकडी

दुबईत आमच्या ऑफिसात रिसेप्शनपासून अकाउंट्सपर्यंत निम्म्या मुली फिलिपिनो. त्यातल्या एकीशी माझं चांगलं जमतं. परवा डबा खाताना सासूचा विषय निघाला (डबा खाताना दुसरा कुठला निघणार), तर ती म्हणाली, आमचा हा सिनेमा बघच. सबटायटल लावून शनिवारी दुपारी बघितला.

सिनेमा 2006 सालचा. लेखक-दिग्दर्शक होसे हावियेर रेयेस. जूडी ॲन सांतोस झालीय अँजी आणि रायन आगोन्सिलो झालाय जेड. दोघं प्रेमात पडतात, लग्न ठरतं, आणि तिथून पुढे दोन्हीकडची मंडळी यांच्या संसारात जी शिरतात ती निघायचं नाव घेत नाहीत. कासाल म्हणजे लग्न, कासाली म्हणजे सामील असलेला, कासालो म्हणजे पंगतीला शेजारी बसून जेवणारा. नावातच सगळं आलं.

खरी मजा दोन आयांची. अँजीची आई जीना पारेन्यो, तोंडाने फटकळ, मनात आलं की ओठांवर आलंच. जेडची आई ग्लोरिया दियास. ही बाई 1969 ची मिस युनिव्हर्स, फिलिपिन्सची पहिलीवहिली. तिने नुसती भुवई उचलली तरी समोरच्याच्या घरातल्या पडद्यांचा भाव ठरतो. पोट धरून हसले.

पण रात्री भांडी घासताना डोक्यात आलं, की या दोघींना इतकं मजेशीर केल्यामुळे जेडबुवा अलगद सुटले. हसू सगळं आयांवर. मुलाने वेळेवर आईला “आई, पुरे” म्हणायला हवं की नको? मला तरी ते पुरेसं ऐकू आलं नाही.

स्वतःचंच सांगते. माझ्या लग्नात विहिणीच्या पंगतीला सासूबाईंच्या ताटाभोवती रांगोळी काढायची राहिली. माझी मावशी रांगोळीचा डबा घेऊन धावली तोवर वरण वाढून झालं होतं. सासूबाई जेवल्या, हसल्या, काही बोलल्या नाहीत. बारा वर्षं झाली. अजून दर दिवाळीला मी दारात ठिपके काढायला बसले की मागून आवाज येतो, “तुमच्याकडे पद्धत नसेल.” नवरा आत पेपर वाचत असतो. लग्नातही तो हॉलबाहेर मित्रांबरोबर फोटो काढत होता.

तर मुद्दा असा: असल्या विनोदी सिनेमांत सासूला बकरा करून मुलाला वाचवतात. तुम्हाला काय वाटतं?

तिरका बाण

आला, सासू-सुनेचा धागा आला. शतक नक्की. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मकाती रिटर्न

काकडीताई, लेख आवडला, निष्कर्ष अजिबात पटला नाही. मी कामानिमित्त मनिलाच्या मकातीत तीन वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं लांबट लिहितो.

तुम्ही तो सिनेमा आपल्या चष्म्यातून बघितलात. आपल्याकडे मुलगी ‘दिली’ जाते. सासर नावाची जागा असते, तिथे सासूची सत्ता, आणि सून बाहेरून आलेली. मुलीची आई मांडवात रडते आणि गोष्टीतून निघून जाते. फिलिपिन्समध्ये नातं दोन्ही बाजूंनी सारखं मोजतात. आईकडचे काका-मामा आणि वडिलांकडचे, वजन एकच. मुलाच्या नावात मधलं नाव आईच्या माहेरचं आडनाव असतं. नवं जोडपं ‘सासरीच’ गेलं पाहिजे असा दंडक नाही. नवऱ्याच्या घरी, बायकोच्या घरी, नाहीतर वेगळं बिऱ्हाड, जसं जमेल तसं. म्हणून तिथे मुलीची आई शेवटपर्यंत खुर्ची सोडत नाही.

आणि लग्न ठरतं कसं? ‘पामान्हिकान’ म्हणून रीत आहे. पान्हिक म्हणजे जिना चढणे. जुनी घरं खांबांवर असायची, तर मुलाने आईबापांना घेऊन, सोबत खायचं-प्यायचं घेऊन, मुलीच्या घरचा जिना चढायचा आणि हात मागायचा. लग्नाचा खर्चही रीतीप्रमाणे मुलाकडचे करतात. पूर्वी तर मुलगा लग्नाआधी मुलीच्या घरी राबायचा, लाकडं फोड, पाणी भर. आता सांगा, अशा ठिकाणी मुलीच्या आईचा आवाज मोठा असेल की नसेल?

म्हणून या सिनेमातलं भांडण सासू-सुनेचं नाहीच मुळी. ते विहिणी-विहिणींचं आहे. दोन बरोबरीच्या बायकांचं. म्हणून त्यावर हसता येतं. सासू-सुनेच्या भांडणावर आपण हसत नाही, आपण बाजू घेतो.

अवांतर: त्यांच्याकडे व्याही आणि विहीण दोघांना मिळून ‘बालाए’ असा एकच शब्द आहे. साडू आणि जाऊ या दोन्हींना ‘बिलास’. इंग्रजीत हे सांगायला अर्धं वाक्य लागतं. मी ऑफिसात एकदा म्हणालो, आमच्याकडेही यासाठी शब्द आहेत, तर मंडळी चाटच पडली. त्या दिवसापासून माझ्या लंच टेबलावर एक खुर्ची कायमची राखलेली.

खमंग काकडी

रिटर्न, माहिती झकास, आणि विहिणी-विहिणींचं भांडण हे मला सुचायला हवं होतं. मान्य. पण तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत की! भांडण विहिणींचं झालं, म्हणजे जेडला बोलायची गरजच उरली नाही. बरोबरीच्या दोन बायका एकमेकींना बघून घेतील, हा मध्ये उभा राहून दोन्हीकडे मान डोलावणार. माझ्या रांगोळीच्या गोष्टीतही भांडण माझ्या आईचं आणि सासूबाईंचंच होतं. टोमणे मात्र मी खाते.

नॉटिकल नाना

तीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली निम्मी फिलिपिनो क्रूबरोबर. तेव्हा माझे दोन पैसे.

फिलिपिनो खलाशाच्या कराराप्रमाणे मूळ पगारातला किमान 80 टक्के हिस्सा दर महिन्याला घरी पाठवावाच लागतो. त्याला ‘ॲलॉटमेंट’ म्हणतात. आता ही ॲलॉटमेंट कुणाच्या नावावर, हाच तिथला सासू-सुनेचा अखंड सामना. अविवाहित असतो तोवर आईचं नाव. लग्न झालं की बायकोचं नाव घालायचं. आमचा एक चीफ कुक होता, देवमाणूस, डाळीत सुद्धा व्हिनेगर घालायचा तेवढं सोडलं तर. नवीन लग्न झालेलं. कराराच्या कागदावर बायकोचं नाव लिहिलं. पहिल्या महिन्याचा पगार गेला आणि रात्री आईचा फोन. गॅलीत पीठ मळता मळता स्पीकरवर. मला त्यांची भाषा येत नाही, पण आई रडतेय हे कळायला भाषा कशाला लागते. फोन ठेवला, हात धुतले, आणि उरलेल्या 20 टक्क्यांतून आईला पाठवायचं म्हणून सिगारेट सोडली. बायकोला सांगितलं नाही, आईलाही सांगितलं नाही की तिचे पैसे कुठून येतात.

काकडीताई, गप्प बसणारा मुलगा नेहमी सुटलेलाच असतो असं नाही. काही वेळा तो दोन्हीकडचा भार उचलत असतो, फक्त दिसत नाही.

तिरका बाण

नाना, सिगारेटचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. डाळीतल्या व्हिनेगरचं वाचून जास्त आलं.

खमंग काकडी

नाना, तुमच्या कुकला सलाम. पण बघा हं, त्याने आईला सांगितलं असतं की “आता माझ्या घराचा हिशोब बायको बघते”, तर? सिगारेट सोडणं सोपं पडलं, हे वाक्य अवघड पडलं. माझी तक्रार तिथेच आहे.

वकिली चष्मा

मंडळी एका गोष्टीकडे काणाडोळा करत आहेत. फिलिपिन्स आणि व्हॅटिकन सोडले तर जगात घटस्फोटाचा कायदा नसलेला देश उरलेला नाही. तिथल्या मुस्लिमांसाठी 1977 पासून वेगळा कायदा आहे, त्यात तलाक मिळतो. बाकीच्यांना नाही. गंमत म्हणजे अमेरिकी अमदानीत 1917 साली तिथे घटस्फोटाचा कायदा झाला होता. 1950 च्या नागरी संहितेने तो काढून टाकला.

आता 1987 चं कौटुंबिक कायद्याचं पुस्तक आहे. त्यातल्या कलम 36 प्रमाणे, जोडीदार लग्नाच्या वेळेसच ‘मानसिकदृष्ट्या असमर्थ’ होता असं सिद्ध केलं तर लग्न मुळातच झालं नाही असं कोर्ट म्हणतं. वर्षानुवर्षं लोक यासाठी मानसोपचारतज्ज्ञांचे दाखले जोडत आले. 2021 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा वैद्यकीय नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे, तज्ज्ञाचा दाखला अनिवार्य नाही. मे 2024 मध्ये खालच्या सभागृहाने घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, सेनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही.

हे इतकं सांगायचं कारण: जिथे लग्न मोडायला ‘ते झालंच नव्हतं’ असं सिद्ध करावं लागतं आणि त्याला पैसा लागतो, तिथे विनोदी सिनेमाने जोडप्याला परत एकत्र आणणं हा नुसता गोडवा नसतो. दुसरा मार्ग बहुतेकांना परवडतच नाही. आणि हा सिनेमा लागला कधी? 25 डिसेंबरला, मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात. त्या दिवसांत तिथल्या थिएटरांतून परदेशी सिनेमे उतरवतात, फक्त देशी चालतात. नाताळची सुट्टी, आजी-आजोबा, काकवा, पोरं, सगळं घर एका रांगेत. त्या रांगेत दोन्हीकडच्या सासवा बसलेल्या असतात. दिग्दर्शक त्यांना खलनायिका करेल कशाला? तिकीट कोण काढणार?

मकाती रिटर्न

+१. नाताळची थिएटरं मी पाहिली आहेत. आपल्याकडच्या गणपतीतल्या देखाव्याच्या रांगेला लाजवेल अशी रांग. जूडी ॲनला त्याच महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. आणि पुढे 2009 मध्ये तिने आणि रायनने खरोखर लग्न केलं.

जीना पारेन्योबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याच 2006 मध्ये तिने ‘कुब्राडोर’मध्ये ‘जुएतेंग’चे आकडे गोळा करणारी बाई केली आहे. जुएतेंग म्हणजे आपल्या मटक्याचा चुलतभाऊ. गल्लीबोळांतून घामाघूम फिरणारी ती म्हातारी, आणि इकडे ही लग्नघर डोक्यावर घेणारी विहीण, एकाच वर्षात. बाईंना दंडवत.

आजीबाईचा बटवा

मी सासू आहे. वय वर्षे सदुसष्ट, मुक्काम बाणेर. आतापर्यंत सगळे सासवांबद्दल बोलले, सासूला कुणी विचारलं नाही, म्हणून लिहिते.

काकडीबाळ, तुला वाटतं मुलाने “आई, पुरे” म्हणावं. माझ्या मुलाने म्हटलं होतं. नातू झाला तेव्हा. मी पायावर घेऊन बाळाला तेल लावत होते, विहीणबाई म्हणाल्या, डॉक्टरांनी तेल नको सांगितलंय. मी म्हटलं, डॉक्टरांना माझ्या सासूने तेल लावलं असतं तर बरं झालं असतं. झालं. चिरंजीव आले आणि म्हणाले, “आई, पुरे. आणि काकू, तुम्हीही पुरे.” दोघींना एका दमात! त्या दिवशी मी आणि विहीणबाई दोघी बाल्कनीत जाऊन बसलो. त्यांनी डोळे पुसले, मी पुसले, मग त्यांनी पर्समधून आवळ्याची सुपारी काढली. तेव्हापासून रोज दुपारी चारला आमचा फोन असतो. सुनेला ठाऊक नाही की आमचं अर्धं बोलणं मुलाच्या तक्रारींचं असतं.

मग मी काल हा सिनेमा लावून घेतला, नातीने सबटायटल मोठे करून दिले. मला तर त्या दोघी विहिणींची दयाच आली. दोघींनी जन्म काढला पोरांसाठी, आणि लग्न झालं की पोरं म्हणतात, आता तुम्ही प्रेक्षक. प्रेक्षकाला काय करता येतं? ओरडता येतं. मुलाला बोलायला लावलंस तर दोघींना गप्प करणं हेच तो शिकेल. आम्हाला गप्प केलेलं चालेल का तुला, दुपारचं बाळ कोण सांभाळणार?

या सिनेमाचा पुढचा भागही आहे म्हणे, 2007 चा, त्यात यांना मूल झालंय आणि आज्यांची ओढाताण. नावाचा अर्थ नातीला विचारला तर ती म्हणाली, पहिला शब्द गळा आवळणे, शेवटचा वाचवा-वाचवा. नाव बघूनच कळलं, तेल लावलेलं दिसतंय.

वकिली चष्मा

आजी, साष्टांग नमस्कार. ‘साकाल, साकाली, साक्लोलो’. मधल्या साकालीचा अर्थ ‘समजा, तशी वेळ आलीच तर’. नातीला सांगा, अर्थ अचूक.

खमंग काकडी

आजी, तुमच्या मुलाने दोघींना एकदम “पुरे” म्हटलं, ते मला हवं होतं तेच. आणि तुम्ही रुसलात, मग सुपारी खाल्लीत. मी माझं म्हणणं मागे घेत नाही, पण तुमच्यासारख्या सासूला “आई, पुरे” म्हणणं वेगळं आणि बारा वर्षं ठिपक्यांवरून बोलणाऱ्या सासूला म्हणणं वेगळं, हेही खरं.

नॉटिकल नाना

अवांतर: तो कुक पुढच्या कराराला परत भेटला. ॲलॉटमेंट दोन नावांवर करून घेतली होती, बायकोच्या सांगण्यावरून. सिगारेट परत सुरू.

तिरका बाण

एक प्रश्न, काकडीताई. तुमचे ‘हे’ हा धागा वाचतात का?

खमंग काकडी

वाचतात. आत्ताच स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “कसली रांगोळी?”