हाय टेन्शन लाइनची भीती किती खरी, किती उगाच?

वीजवेडा
घर बघायला गेलं आणि खिडकीतून टॉवर दिसला की लोक आल्या पावली परत फिरतात, "रेडिएशन असतं हो तिथे, कॅन्सर होतो". माझं स्पष्ट मत आहे की ही भीती बरीचशी उगाच आहे. वादाला तयार आहे, या.

आधी जरा विज्ञान. तारांमधली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी (काही देशांत ६०). त्याची तरंगलांबी ६००० किलोमीटर येते, म्हणजे तुम्ही तारेपासून पन्नास मीटरवर असा नाहीतर पाचशे, त्या हिशोबात तारेला चिकटूनच उभे आहात, तिथे रेडिएशन म्हणून काही सुटून अंगावर येत नाही. तारेभोवती दोन क्षेत्रं असतात, व्होल्टेजमुळे विद्युत क्षेत्र आणि करंटमुळे चुंबकीय क्षेत्र. पहिलं भिंतीने, झाडाने बऱ्यापैकी अडतं. दुसरं भिंतीतून आरपार जातं पण अंतर वाढलं की भराभर उतरतं. रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला साधारण १० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ५० हर्ट्झच्या फोटॉनची (ऊर्जेच्या एका पुडक्याची) ऊर्जा त्याच्या सुमारे पन्नास लाख कोटी पट कमी आहे. डीएनए तोडणार कशाने?

आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात बघा, हेअर ड्रायरपासून ३ सेंटिमीटरवर ६ ते २००० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं माप) लिहिलंय. मोठ्या लाइनच्या अगदी खाली उभं राहिलात तरी सहसा काही मायक्रोटेस्ला मिळतात. ड्रायरला कोणी घाबरत नाही.

मुग्धा_र
ड्रायरचं उदाहरण दर वेळी येतं आणि दर वेळी तितकंच गैरलागू असतं. ड्रायर पाच मिनिटं चालतो आणि हात लांब केला की संपलं, लाइनशेजारी मूल रोज दहा तास झोपतं. अभ्यास झालेत ते चोवीस तासांच्या किंवा वर्षाच्या सरासरीवर, एखाद्या क्षणाच्या आकड्यावर नाही.

फोटॉनचा मुद्दा मान्य, डीएनए थेट तुटत नाही. पण "यंत्रणा सापडली नाही म्हणून परिणाम नाही" हे तर्कशास्त्र मला पटत नाही. १९७९ मध्ये वर्थहायमर आणि लीपर यांनी डेन्व्हरमध्ये घराजवळच्या तारांची जाडी आणि मांडणी बघून मुलांच्या कॅन्सरशी संबंध दाखवला तेव्हा सगळे हसले होते. मग १९९३ ला स्वीडनमध्ये २२० आणि ४०० किलोव्होल्टच्या लाइनीपासून ३०० मीटरच्या आत राहणाऱ्यांचा अभ्यास झाला, तिथेही मुलांच्या ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) तेच दिसलं. २००० साली आल्बोम आणि मंडळींनी अनेक देशांचे अभ्यास एकत्र केले, सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या मुलांमध्ये ल्युकेमियाचा धोका साधारण दुप्पट. त्यावर आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००२ च्या ग्रंथात या चुंबकीय क्षेत्राला "२ बी" गटात टाकलं, म्हणजे कदाचित कॅन्सरकारक. हे सगळे लोक बावळट होते का?

वीजवेडा
बावळट कोण म्हणालं? पण २ बी म्हणजे काय तेही सांगा ना. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क त्याच गटात आहे. कॉफी मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी २०१६ पर्यंत तिथेच होती, मग काढली. पुरावा अर्धवट आहे पण फेकून देता येत नाही, तेव्हा या खोक्यात ठेवतात. विद्युत क्षेत्र तर ३ मध्ये आहे, ठरवताच येत नाही असा गट.

आणि "दुप्पट" कशाच्या? मुलांना ल्युकेमिया वर्षाला लाखात चार-पाच जणांना होतो. आल्बोमच्या अभ्यासात ०.४ च्या वर असलेली मुलं एक टक्क्यापेक्षा कमी होती, मूठभर मुलांवर सगळा डोलारा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये हिशोब मांडला, संबंध खरोखर कारण-परिणामाचा असेल असं धरलं तरी जगभरात वर्षाला १०० ते २४०० केसेस, एकूण केसेसच्या ०.२ ते ४.९५ टक्के. हे *धरलं तर*. प्राण्यांवरचे प्रयोगही बघा, अमेरिकेत उंदीर-घुशींना दोन वर्षं १००० मायक्रोटेस्लापर्यंत ठेवलं आणि ट्यूमर वाढल्याचा ठाम पुरावा निघाला नाही.

आकडेमोड
दोघांनाही थोडं पाणी घालतो. २००५ मध्ये ड्रेपर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्सचा मोठा अभ्यास केला, जन्माच्या वेळचं घर आणि हाय व्होल्टेज लाइन यातलं अंतर घेऊन. २०० मीटरच्या आत धोका जास्त, ठीक. पण २०० ते ६०० मीटरमध्येही थोडा जास्त दिसला. आता ६०० मीटरवर लाइनचं चुंबकीय क्षेत्र घरातल्या वायरिंगपेक्षाही कमी असतं हो! म्हणजे जे दिसतंय ते क्षेत्रामुळे नाही अशी शंका तिथेच आली. २०१४ मध्ये त्याच गटाने आकडे पुढे वाढवले तर धोका दशकागणिक उतरत गेला आणि १९८० नंतरच्या मुलांत जवळपास गायब. लाइनी आणि त्यातला करंट तर काही उतरला नव्हता. मग बदललं काय? कदाचित लाइनीजवळ राहणारे लोक बदलले.

२०१० मध्ये खाइफेट्सने नंतरचे अभ्यास एकत्र केले तर ०.३ च्या वर १.४४ पट आला, आणि त्याची अनिश्चिततेची रेंज एकच्या खालीसुद्धा जाते, म्हणजे धोका मुळीच वाढलेला नसेल असंही शक्य आहे. संबंध विरत चाललाय असं माझं वाचन.

मुग्धा_र
@आकडेमोड, ड्रेपरने अंतर मोजलं, क्षेत्र नाही. आल्बोमच्या माहितीत बऱ्याच घरांत प्रत्यक्ष मोजमाप होतं. दोन्ही एका मापाने कसे तोलता? आणि १.४४ म्हणजे शून्य नाही. विरत चाललाय म्हणजे संपला असं होत नाही.

शंकासुर
मूळ गंमत कोणी बोलतच नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादा किती? आयसीएनआयआरपी (अशा मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९९८ ला १०० मायक्रोटेस्ला म्हणाले आणि २०१० मध्ये वाढवून २०० केली! संशयाची रेष ०.४ वर आणि मर्यादा २०० वर, पाचशे पट. कोणाच्या सोयीसाठी झालं असेल ते सांगायला नको.

वीजवेडा
शंकासुर साहेब, ती मर्यादा कॅन्सरसाठी नाहीच. शरीरात वीज प्रवर्तित होऊन नसा उत्तेजित होऊ नयेत म्हणून आहे. खूप तीव्र क्षेत्रात, काही हजार मायक्रोटेस्लाला, डोळे मिटले तरी कडेला प्रकाश लुकलुकल्यासारखा दिसतो, हा खराखुरा सिद्ध झालेला परिणाम. त्याच्या बरंच खाली मर्यादा ठेवली. दीर्घकाळाचा पुरावा मर्यादा ठरवण्याइतका पक्का नाही, असं ते स्वतःच म्हणतात.

मुग्धा_र
बरोबर, आणि इथेच खरा वाद आहे. पुरावा पक्का नाही म्हणून काहीच करायचं नाही, की पक्का नाही म्हणून स्वस्तातली काळजी घ्यायची? स्वित्झर्लंडने नव्या लाइनी-सबस्टेशनसाठी, जिथे लोक जास्त वेळ असतात तिथे, १ मायक्रोटेस्लाची मर्यादा लावली. नेदरलँड्सने २००५ मध्ये पालिकांना सल्ला दिला की वर्षाची सरासरी ०.४ च्या वर जाईल अशा पट्ट्यात नवी घरं-शाळा आणू नका. हे देश काही अंधश्रद्धाळू नाहीत ना. नवी लाइन आखताना शाळेपासून शंभर मीटर लांब नेणं कागदावर फुकटात होतं, नंतर हलवायला करोडो लागतात. मी एवढंच म्हणतेय.

वीजवेडा
नवी आखणी असेल तर शंभर टक्के मान्य. माझा राग उभ्या घरातून लोकांना घाबरवून हुसकण्यावर आहे.

खटपट्या
फोनवर मॅग्नेटोमीटरचं ॲप टाकलं. आमच्या बेडरूममध्ये ४७ मायक्रोटेस्ला दाखवतंय!! ०.४ च्या शंभर पट! लाइन तर दिसतसुद्धा नाही इथून. आता काय करू?

आकडेमोड
झोपा निवांत :) ते पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आहे, जगात कुठेही २५ ते ६५ मध्ये येतं. ते स्थिर असतं, ५० हर्ट्झने उलटसुलट होत नाही, आणि फोनमधला सेन्सर दिशा दाखवायला बनवलाय त्यामुळे तो मुख्यतः तेच वाचतो. लोखंडी पलंगाजवळ नेलात तर आकडा अजून उड्या मारेल. ५० हर्ट्झ मोजायला वेगळा गॉसमीटर लागतो, शक्यतो तिन्ही अक्षांवर मोजणारा. बरेच गॉसमीटर मिलिगॉसमध्ये दाखवतात, ४ मिलिगॉस म्हणजे ०.४ मायक्रोटेस्ला.

निशाचर
आकडे चालू द्या, पण मला ट्रान्सफॉर्मरजवळ बसलं की डोकं दुखतं हे मी अनुभवतोय. उगाच म्हणणाऱ्यांनी माझ्या जागी बसून बघावं.

वीजवेडा
मनाचे खेळ आहेत ते.

आकडेमोड
@वीजवेडा, असं फटकन बोलू नका. @निशाचर, डोकेदुखी खरी आहे, कारण कोणतं हा प्रश्न. २००५ च्या एका आढाव्यात ३१ प्रयोग आणि ७२५ संवेदनशील लोक होते (बरेचसे प्रयोग मोबाइल आणि स्क्रीनवरचे, हे खरं). क्षेत्र चालू आहे की बंद हे न सांगता विचारलं तर बहुतेकांना ओळखता आलं नाही, पण चालू आहे असं *वाटलं* की त्रास सुरू. शिवाय ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झचा आवाज. तासन्‌तास तो कानावर पडला तर माझंही डोकं उठेल.

रानवाट
सगळे माणसांवरच घसरलेत. पर्यावरणाचं काय? २०१८ मध्ये साउथॅम्प्टनच्या लोकांनी मधमाश्यांवर प्रयोग केले, लाइनखाली जमिनीवर मिळेल अशा २० ते १०० मायक्रोटेस्लापासून वर तारेजवळच्या हजारोंपर्यंत. शिकणं, उडणं, अन्नासाठी बाहेर पडणं, सगळ्यावर परिणाम दिसला. गायी आणि हरणं चरताना साधारण उत्तर-दक्षिण उभी राहतात असा २००८ चा दावा, आणि २००९ मध्ये त्याच गटाने म्हटलं की लाइनखाली ती शिस्त मोडते. पक्ष्यांचं होकायंत्र बिघडतं. हे मनाचे खेळ आहेत का, मधमाशीला कोणी बातमी वाचून दाखवली?

वीजवेडा
मधमाशीचं मान्य, तो अभ्यास मी हलक्यात घेत नाही. पण १०० मायक्रोटेस्ला म्हणजे फार मोठी लाइन आणि पूर्ण लोड. गायींचं मात्र २०११ मध्ये दुसऱ्या टीमने तशीच चित्रं पुन्हा तपासली तर त्यांना ती शिस्तच सापडली नाही. आणि पक्ष्यांचा २०१४ चा ओल्डनबर्गचा युरोपियन रॉबिनचा प्रयोग भन्नाट आहे पण त्यात गोंधळ घालणारे विद्युतचुंबकीय तरंग ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झचे होते, एएम रेडिओचा पट्टा. विजेच्या लाइनीचा तो गुन्हा नाही.

अजून एक, अमेरिकी नौदल पाणबुड्यांना निरोप द्यायला विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या जंगलात ७६ हर्ट्झचे प्रचंड अँटेना चालवत होतं, २००४ पर्यंत. तिथे झाडं, पक्षी, माती, मधमाश्या यांच्यावर दशकभर लक्ष ठेवलं. ठळक नुकसान काही हाती लागलं नाही.

रानवाट
ठीक, पण लाइनीचा त्रास फक्त चुंबकीय नाही. पावसाळी हवेत तारेजवळ उभं राहून ऐका, तो चरचर आवाज येतो तो कोरोना डिस्चार्ज, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत वीज झिरपणं. त्यातून अतिनील प्रकाशही निघतो, आपल्याला दिसत नाही, रेनडिअरला दिसतो. २०१४ मध्ये टायलर आणि मंडळींनी मांडलं की रेनडिअर लाइनीपासून लांब राहतात त्याचं कारण हे लुकलुकणं असू शकतं. आणि पक्षी तारांवर आदळून, शॉक लागून मरतात ते वेगळंच, त्याला कुठलाही गॉसमीटर नको. लोक न दिसणाऱ्या क्षेत्राबद्दल भांडत बसतात, खाली मरून पडलेला करकोचा कोणी बघत नाही.

मुग्धा_र
+१. ह्या धाग्यावरचं सगळ्यात कामाचं वाक्य.

शंकासुर
मग सरळ सगळ्या लाइनी जमिनीखाली घाला की. विषय संपला.

वीजवेडा
पक्ष्यांचा संपेल, तुमचा नाही. केबल जमिनीखाली असली की विद्युत क्षेत्र वर येत नाही, खरंय, पण चुंबकीय क्षेत्र बरोबर वर उभं राहिलात तर उंच लाइनीखालच्यापेक्षा जास्तही असू शकतं, कारण केबल पायाखाली मीटरभरावर असते. बाजूला सरकलात की मात्र लाइनीपेक्षा लवकर पडतं. फूटपाथखाली असेल तर चालेल, झोपायच्या खोलीखाली नको.

मुग्धा_र
आणि टॉवर बघून पळणारे लोक बिल्डिंगमधल्या ट्रान्सफॉर्मर रूमच्या बरोब्बर वरचा फ्लॅट बिनधास्त घेतात! हंगेरी आणि फिनलंडमध्ये असे फ्लॅट मोजलेत, इतर मजल्यांपेक्षा तिथे क्षेत्र स्पष्ट जास्त निघालं. वीजवेडा, हे तरी उगाच म्हणणार नाही ना?

वीजवेडा
नाही. तिथे मीसुद्धा पलंग दुसऱ्या खोलीत टाकीन. @खटपट्या, तुमच्याकडे खाली ट्रान्सफॉर्मर किंवा मेन पॅनलची भिंत असेल तर खरा गॉसमीटर कुठून तरी मिळवा, आणि भर लोडच्या वेळी, म्हणजे सगळ्यांचे एसी-हीटर चालू असतील तेव्हा मोजा. दुपारी दोन मिनिटं मोजून खूशही होऊ नका आणि घाबरूही नका, रात्रभर उशीजवळ ठेवून सरासरी घ्या.

खटपट्या
मेन पॅनल पलंगाच्या डोक्याशीच आहे भिंतीपलीकडे. मोजून टाकतो इथे आकडे.