विषय: कम्युनिटी कौन्सिलच्या रिकाम्या जागा आणि गावामागच्या पवनचक्क्या

प्रेषक: उत्तर पर्थशायरमधील सभासद

सर्वांना सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडमधील आमच्या गावातील दुकानाच्या फलकावर कम्युनिटी कौन्सिलच्या, म्हणजे गावाचे मत मांडणाऱ्या निर्वाचित संस्थेच्या, निवडणुकीची नोटीस लागली आहे. जागांच्या मानाने अर्ज फारच कमी आले असून, निम्म्या जागांपुरतेही उमेदवार मिळाले नाहीत तर यंदा कौन्सिल स्थापनच होणार नाही, असे शेजारच्या बाईंनी सांगितले आणि मीच उभे राहावे असा आग्रह धरला. मला येथे कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळाला असला तरी पासपोर्ट अजून भारतीयच आहे, त्यामुळे मला उभे राहता येते का, ही माझी पहिली शंका आहे.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. गावामागच्या डोंगरावर पवनचक्क्यांचा प्रकल्प येऊ घातला आहे, त्यावरून गावात दोन तट पडले आहेत, आणि माझे यजमान पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहेत. ही कंपनी त्या प्रकल्पाची विकासक नाही, परंतु हा बारकावा गावात कोणाकोणाला समजावत बसायचे? अशा स्थितीत मी कौन्सिलवर जाणे उचित ठरेल का, आणि मुळात या संस्थेच्या हाती काही असते का, हे ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

आपली,
उत्तर पर्थशायर

*

प्रेषक: ॲबर्डीनशायरमधील सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या कम्युनिटी कौन्सिलच्या चिटणीसपदाचे काम मी बरीच वर्षे केले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पासपोर्टची चिंता सोडा. भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक असल्याने, वास्तव्याचा वैध परवाना असेल तर त्याला येथील मतदारयादीत नाव नोंदवता येते, आणि ही सोय आपल्याला फार पूर्वीपासून आहे. २०२० च्या कायद्याने स्कॉटलंडने स्थानिक आणि स्कॉटिश संसदेच्या निवडणुकांपुरता हा अधिकार इतर देशांच्या वैध रहिवाशांनाही दिला. कम्युनिटी कौन्सिलच्या क्षेत्रात राहणे, तेथील मतदारयादीत नाव असणे आणि वयाची १६ वर्षे पूर्ण असणे, एवढ्याच अटी साधारणतः असतात. मात्र स्कॉटलंडचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या ३२ स्थानिक कौन्सिलांपैकी प्रत्येकीची कम्युनिटी कौन्सिलांसाठीची योजना वेगळी असल्याने आपल्या कौन्सिलची योजना मागवून वाचावी. अर्जावर त्याच क्षेत्रातील सूचक आणि अनुमोदक लागतात, तेव्हा आग्रह करणाऱ्या शेजारणीलाच सूचक करावे.

आता हाती काय असते ते सांगतो. आपण ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणून गेलात तर पहिल्याच सभेत निराश व्हाल. येथे सरपंच नाही, ग्रामसेवक नाही, घरपट्टी नाही. वर्षाकाठी स्थानिक कौन्सिलकडून सभागृहाचे भाडे आणि टपालखर्च भागेल एवढे अनुदान मिळते, आणि सदस्यांना मानधन नसते. इंग्लंडमधील पॅरिश कौन्सिलला निदान कराचा आपला वाटा ठरवता येतो, पण स्कॉटलंडमधील पॅरिश कौन्सिले १९२९ च्या कायद्याने मोडीत निघाली आणि त्यानंतर खेड्याच्या पातळीवर बराच काळ काहीच नव्हते. १९६९ मध्ये स्थानिक शासनाचा विचार करणाऱ्या व्हीटली आयोगाने कम्युनिटी कौन्सिलांची शिफारस केली आणि १९७३ च्या स्थानिक शासन कायद्याने त्या अस्तित्वात आल्या. त्या कायद्याने त्यांच्यावर सोपवलेले मुख्य काम म्हणजे गावाचे मत जाणून घेणे, ते जुळवणे आणि सार्वजनिक संस्थांपुढे मांडणे. त्याखेरीज गावाच्या हिताचे जे योग्य आणि शक्य वाटेल ते करण्याची मुभा आहे. १९९६ मध्ये जिल्हा आणि प्रदेश अशा दोन पातळ्या जाऊन एकच पातळी उरली, तेव्हा एकेका कौन्सिलच्या वाट्याला सरासरी दीड लाखाहून अधिक लोकसंख्या आली. त्यामुळे गावाच्या वतीने लेखी बोलणारी कायदेशीर संस्था म्हणून कम्युनिटी कौन्सिलची गरज वाढली, अधिकार मात्र वाढले नाहीत.

तरीही हे मत मांडणे पोकळ नाही, कारण काही बाबतींत ते विचारणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. बांधकाम परवान्यांच्या अर्जांची यादी दर आठवड्याला कम्युनिटी कौन्सिलकडे येते, आणि ज्या अर्जावर तिने सल्ल्याची मागणी केली असेल त्यावर उत्तर देण्यास किमान १४ दिवस मिळतात. दारूविक्रीच्या नव्या परवान्याचा अर्जही २००५ च्या कायद्यानुसार तिला कळवावा लागतो. अडचण अशी की बहुतेक कम्युनिटी कौन्सिलांची सभा महिन्यातून एकदा भरते, आणि महत्त्वाचा अर्ज नेमका सभा संपल्यावर येतो. आपण निवडून आलात तर पहिल्याच सभेत एवढा एक ठराव अवश्य करून घ्यावा, की दोन-तीन सदस्यांच्या गटाने मधल्या काळात इमेलवरून सर्वांचे मत घेऊन उत्तर पाठवावे आणि पुढील सभेत ते इतिवृत्तात नोंदवावे. मुदत अपुरी वाटली तर ती संपण्याआधी अधिकाऱ्याला लेखी विनंती करावी, सहसा वाढवून मिळते. संपल्यावर केलेल्या विनंतीला फारसा अर्थ नसतो.

उत्तर कसे लिहावे हेही महत्त्वाचे आहे. "आमचा डोंगर विद्रूप होईल, घरांच्या किमती उतरतील" अशी पत्रे गावकरी मनापासून लिहितात, परंतु खासगी घरातून दिसणारा देखावा आणि घराची किंमत हे मुद्दे नियोजनाच्या निर्णयात धरलेच जात नाहीत. धरले जातात ते आवाज, एकेरी रस्त्यावरून होणारी अवजड वाहतूक, पीट जमिनीची (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या थराची) खोदाई, पक्ष्यांचे अधिवास, आणि सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे घरगुती पाणीपुरवठा. आपल्या भागात अनेक घरांचे पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून येते, आणि कोणाचा झरा नेमका कोठे आहे हे विकासकाच्या नकाशापेक्षा गावाला अधिक माहीत असते. चक्क्यांची उंची १५० मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर विमानांसाठी रात्री लाल दिवे लागतात, त्याबद्दलही आताच विचारून ठेवावे.

प्रकल्पाची क्षमता किती, हे सर्वांत आधी पाहावे. ५० मेगावॉटपर्यंतचा अर्ज स्थानिक कौन्सिलकडे जातो. त्याहून मोठा असेल तर तो १९८९ च्या वीज कायद्याच्या ३६ व्या कलमाखाली एडिंबराला स्कॉटिश सरकारच्या मंत्र्यांकडे जातो आणि स्थानिक कौन्सिलचे स्थानही सल्ला देणाऱ्याचेच राहते. २० मेगावॉटपासून पुढचा प्रकल्प कौन्सिलच्या कक्षेत असेल तर अर्जापूर्वी किमान १२ आठवडे विकासकाने कम्युनिटी कौन्सिलला नोटीस देणे आणि किमान दोन जाहीर बैठका घेणे आवश्यक असते. फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय नियोजन आराखड्यात राष्ट्रीय उद्याने आणि राष्ट्रीय निसर्गदृश्य क्षेत्रे वगळता पवनऊर्जेला स्पष्टपणे अनुकूल भूमिका घेतलेली आहे. आपला डोंगर केर्नगॉर्म राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावर अवश्य पाहावे, कारण २०१० मध्ये ती सीमा पर्थशायरमधील ब्लेअर ॲथोलपर्यंत वाढवलेली आहे.

यजमानांच्या नोकरीबद्दल माझे मत कडक आहे. अर्ज भरतानाच हितसंबंध लेखी जाहीर करावा, निवडून आल्यावर पहिल्या सभेच्या इतिवृत्तात तो नोंदवून घ्यावा, आणि तो विषय निघाला की खोलीबाहेर जावे. नियम तेवढे मागत नसतील तरीही जावे. खेड्यात एकदा संशय आला की पुढे रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल बोललात तरी लोक पवनचक्क्याच आठवतात.

आणि पवनचक्क्यांच्या वादात बाकीचे काम विसरू नये. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी आर्वेन वादळ आले तेव्हा आमच्या भागात काही घरांना आठवड्याहून अधिक काळ वीज नव्हती; मोबाइलचे मनोरे बंद पडले, इंटरनेटवर चालणारे घरचे फोनही गेले. एकटी राहणारी वृद्ध माणसे कोण, जनित्र कोणाकडे, कोणाच्या घरी लाकडाची शेगडी आहे, ही यादी त्या रात्री ज्या गावांकडे कागदावर तयार होती ती सावरली. अशी यादी करणे हे कम्युनिटी कौन्सिलचेच काम आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आपला,
ॲबर्डीनशायर

*

प्रेषक: हायलंडमधील सभासद

नमस्कार मंडळी,

ॲबर्डीनशायरच्या काकांनी लिहिलेले बहुतेक सर्व मला मान्य आहे, परंतु दोन ठिकाणी मतभेद नोंदवतो.

पहिला खोलीबाहेर जाण्याबद्दल. हायलंड कौन्सिलचा प्रदेश क्षेत्रफळाने गोव्याच्या जवळजवळ सातपट आहे आणि लोकसंख्या सुमारे दोन लाख पस्तीस हजार. इतक्या विरळ वस्तीत ज्याला विषय कळतो त्या प्रत्येकाचा विषयाशी काही ना काही संबंध असतोच. मेंढपाळाची जमीन भाड्याने जाणार असते, हॉटेलवाल्याला कामगारांची गिऱ्हाइकी मिळणार असते, निवृत्त अधिकाऱ्याच्या खिडकीसमोरच चक्की उभी राहणार असते. या सर्वांनी बाहेर जायचे ठरवले तर गणपूर्ती होणार नाही. माझ्या मते ताईंनी संबंध जाहीर करावा, मतदान करू नये, परंतु अध्यक्षांनी विचारले तर तांत्रिक माहिती सांगून मग बाहेर जावे. विरोधकांनाही ती माहिती हवीच असते.

दुसरा मुद्दा पैशांचा, ज्याबद्दल काकांनी काहीच लिहिले नाही आणि ज्यावरून खेडी खरी दुभंगतात. स्कॉटिश सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विकासकाने प्रत्येक मेगावॉटमागे दरवर्षी ५,००० पौंड स्थानिक समाजाला द्यावेत, तेही महागाईनुसार वाढवत. ५० मेगावॉटचा प्रकल्प धरला तर मूळ दरानेच वर्षाला अडीच लाख पौंड होतात. जिचे सारे अनुदान सभागृहाच्या भाड्यात संपते त्या संस्थेपुढे एवढी रक्कम दिसू लागली की सभेचा नूर पालटतो. हे देणे कायद्याने सक्तीचे नाही, ऐच्छिक आहे, आणि परवान्याचा निर्णय करताना ते विचारातही घेतले जात नाही. म्हणूनच प्रकल्पावरील मताचे पत्र आणि निधीची बोलणी या दोन गोष्टी एकाच सभेत, एकाच तोंडाने कधीही करू नयेत. सामान्यतः कम्युनिटी कौन्सिलला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व नसते आणि करारांची जबाबदारी शेवटी पदाधिकाऱ्यांवर येऊ शकते, हेही लक्षात ठेवावे. निधी सांभाळण्यासाठी निराळी धर्मादाय संस्था नोंदवावी किंवा फाउंडेशन स्कॉटलंडसारख्या संस्थेकडे तो द्यावा. असे अनेक निधी तिच्याकडे आहेत.

एका गावाचे पत्र मोठ्या प्रकल्पापुढे अपुरे पडते, हेही खरे. स्पिटल ते ब्यूली ही ४०० किलोव्होल्टची नियोजित वीजवाहिनी गावोगावच्या शिवारांतून जाणार आहे. तिला एकेकट्याने उत्तर देणे कोणालाच जमणारे नव्हते. २०२५ च्या उन्हाळ्यात हायलंडमधील पन्नासहून अधिक कम्युनिटी कौन्सिलांनी एकत्र येऊन मोठ्या ऊर्जाप्रकल्पांचा एकत्रित परिणाम तपासला जावा अशी संयुक्त मागणी केली. त्या मागणीतील प्रत्येक शब्द मला पटतो असे नाही, कारण २०३० पर्यंत जमिनीवरील पवनऊर्जा २० गिगावॉटपर्यंत नेण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे आणि ती वीज कोठून तरी जाणारच. परंतु शेजारच्या कम्युनिटी कौन्सिलांशी बोलून पत्र लिहावे, ही पद्धत आपण उचलावी.

आपला,
हायलंड

*

प्रेषक: उत्तर पर्थशायरमधील सभासद

काका आणि हायलंडचे सभासद, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

मी अर्ज भरत आहे. शेजारच्या बाई सूचक आहेत आणि अनुमोदक म्हणून दुकानाच्या मालकांनी होकार दिला आहे. यजमानांच्या नोकरीबद्दलचे लेखी निवेदन अर्जासोबतच देईन, आणि बाहेर जाण्याबाबत काकांचे ऐकेन. हायलंडकरांचा युक्तिवाद मला पटतो, परंतु तो मुरलेल्या सदस्यांसाठी ठीक आहे; मी गावात नवी आहे, आणि माझ्या तोंडून आलेली तांत्रिक माहिती कोणीही माहिती म्हणून ऐकणार नाही. सभा जाहीर असतात, म्हणून यजमानांनी रहिवासी या नात्याने बोलावे असेही मी सुचवून पाहिले, पण त्यांना कंपनीच्या परवानगीशिवाय जाहीरपणे बोलता येत नाही. त्यापेक्षा गावाचे प्रश्न विकासकाकडे लेखी पाठवून त्याची लेखी उत्तरे फलकावर लावावीत असे सध्याच्या चिटणीसबाईंना सुचवले आहे, आणि झऱ्यांचा मुद्दा त्यांनी लगेच टिपून घेतला.

प्रकल्पाची क्षमताही विचारली. ती ५० मेगावॉटच्या वर असल्याने अर्ज मंत्र्यांकडेच जाणार आहे, आणि डोंगर उद्यानाच्या सीमेबाहेर आहे. सीमेलगतच्या दुसऱ्या कम्युनिटी कौन्सिलचा पत्ता मिळाला असून त्यांच्याशी बोलण्याचे कामही चिटणीसबाईंनी आपल्याकडे घेतले आहे.

काकांना एक विनंती. आर्वेननंतर आपण केलेल्या यादीचा नमुना, नावे आणि दूरध्वनी काढून, मला पाठवता येईल का? हिवाळ्यापूर्वी ती तयार व्हावी अशी इच्छा आहे. ज्या घरांतून माहिती घ्यायची त्यांची लेखी संमती आपण कशी घेत होता, तेही त्यासोबत कळवावे.

आपली,
उत्तर पर्थशायर