मदत हवी आहे: १४७ ग्रेनची गोळी, अडकणाऱ्या पुंगळ्या आणि क्रोनोची धास्ती

नमस्कार मंडळी,

मुक्काम टेक्सास, ह्यूस्टनपासून तासाभरावर. इथे वीकेंडला यूएसपीएसए या पिस्तूल नेमबाजीच्या संघटनेच्या क्लब मॅच खेळतो. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हे ऑलिंपिकसारखं एका जागी उभं राहून गोल चकतीवर नेम धरणं नाही. टायमर वाजला की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, धावत धावत पुठ्ठ्याच्या प्रत्येक टार्गेटवर दोन-दोन गोळ्या मारायच्या, लोखंडी पॉपर पाडायचे, मध्येच मॅगझिन बदलायचं. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, तो तुमचा हिट फॅक्टर. १९७६ साली मिसूरीतल्या कोलंबियात आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना झाली, तिची अमेरिकेतली शाखा म्हणून यूएसपीएसए सुरू झाली. (बंदुकीच्या राजकारणावर वेगळा धागा काढावा, तिथे मीही येईन. इथे फक्त गोळ्या, स्प्रिंग आणि गुण.)

माझं डिव्हिजन कॅरी ऑप्टिक्स. पिस्तूल ९ एमएम, स्ट्रायकरवालं, पॉलिमर फ्रेम, साडेचार इंची बॅरल, वर रेड डॉट, म्हणजे छोट्या काचेच्या खिडकीत नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साइट. आतापर्यंत दुकानात मिळतील ती ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी फॅक्टरी काडतुसं वापरत होतो. चालत होतं, पण धक्का जरा चरचरीत. स्क्वॉडमधले बरेच जण १४७ ग्रेनवर आहेत, त्यांचा डॉट गोळी सुटल्यावर जेमतेम हलतो असं म्हणतात. म्हणून एका ऑनलाइन दुकानातून 'मॅचसाठी खास' म्हणून विकली जाणारी १४७ ग्रेनची रीमॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून केलेली, काडतुसं मागवली. खोक्यावर लिहिलंय ९०० एफपीएस (सेकंदाला फूट, गोळीचा वेग).

धक्का खरंच मऊ आहे. इतका, की पहिल्या मॅगझिनला हसू आलं. पण पुढे तीन भानगडी सुरू झाल्या.

पहिली म्हणजे रिकामी पुंगळी. पूर्वी उजवीकडे आठ-दहा फुटांवर उडायची, आता पायाशी पडते, आणि अधूनमधून स्लाइडच्या फटीत उभीच्या उभी अडकून बसते. हे नेमकं होतं एखाद्या भिंतीआडून वाकून, मनगट धड लॉक नसताना. सरळ उभं राहून मारलं तर शंभर राउंड बिनबोभाट जातात.

दुसरी, क्रोनो, म्हणजे मॅचमध्ये गोळीचा वेग मोजायची चाचणी. मित्राच्या रडारवाल्या यंत्रावर मोजलं तर माझ्या पिस्तुलातून सरासरी ८६२ एफपीएस निघाले, सगळ्यात कमी ८४५. १४७ गुणिले ८६२ भागिले हजार, म्हणजे पॉवर फॅक्टर १२६.७. मायनर या आमच्या हलक्या गटाला निदान १२५ लागतो. आणि हे सप्टेंबरच्या दुपारी, जेव्हा इथे रेंजवरची टेबलंही हात भाजतात. मला खेळायची आहे ती लेव्हल टू (क्लबच्या वरची) मॅच जानेवारीत सकाळी आठला सुरू होते आणि तिथे क्रोनो नक्की आहे.

तिसरी, पॉपर. मागच्या मॅचमध्ये एका पॉपरवर गोळी लागल्याचा टणत्कार सगळ्यांनी ऐकला, तो डुलला, आणि पुन्हा उभा राहिला. मी आणखी एक मारून पाडला, पण वेळ गेलाच. हलक्या लोडमुळे (कमी ताकदीच्या काडतुसामुळे) असं होतं का? अशा वेळी पुढे जावं की पाडूनच हलावं?

घरी २०० राउंड १२४ ग्रेनचेही पडलेत. ते माझ्या पिस्तुलातून सरासरी १०९० देतात, म्हणजे पॉवर फॅक्टर १३५. धक्का ११५ पेक्षा बरा, १४७ पेक्षा जास्त. आता १४७ च धरून स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग बदलू, की गुपचूप १२४ वर जाऊ? आणि अजून एक: ड्रॉ केल्यावर निदान पहिल्या टार्गेटला तरी डॉट सापडतच नाही, खिडकीत कुठे गेला ते शोधत बसतो. यावर काही घरच्या घरी करण्यासारखं आहे का? घरी काडतुसं भरायचं रीलोडिंगचं प्रेस सध्या घेणार नाही, गॅरेजमध्ये आधीच चिरंजीवांच्या सायकली आहेत.

डावा डोळा:

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), आणि आता खरी गोष्ट. तुमचा पॉवर फॅक्टर १२६.७ नाही. तो सप्टेंबरात, त्या यंत्रावर, त्या खोक्याचा १२६.७ आहे. १४७ ग्रेनला १२५ गाठायला ८५१ एफपीएस लागतात. तुमच्याकडे जेमतेम ११-१२ एफपीएसची गंगाजळी आहे. थंडीत बरेच पावडर हळू जळतात, दुसरं खोकं थोडं वेगळं निघतं, मॅचचं यंत्र आणखी थोडं वेगळं दाखवतं. यातलं एकही तुमच्या विरोधात गेलं की खलास.

क्रोनोवर काय करतात ते नीट समजून घ्या. तुमच्याकडून आठ काडतुसं घेतात. एकाची गोळी हातोड्याने उपटून काट्यावर ठेवतात, आणि तिथेच अर्ध्या लोकांचा चेहरा पडतो, कारण खोक्यावर १४७ लिहिलेली गोळी १४६.२ भरू शकते. मग तीन झाडतात. सरासरी बसली नाही तर आणखी तीन, आणि सहांतल्या वेगवान तीनांची सरासरी धरतात. तरी नाही बसलं तर शेवटचं काडतूस वजन करायचं की झाडायचं हे तुम्ही ठरवायचं. त्यातूनही १२५ खाली राहिलात तर मॅच खेळू देतात, पण गुण शून्य. हॉटेल, पेट्रोल, एंट्री फी सगळं भरून नुसतं धावून यायचं.

खोक्यावरचे ९०० एफपीएस तुमच्या पिस्तुलातून मोजलेले नसतात. यात कोणी फसवलं असंच काही नाही, पण स्वतःच्या पिस्तुलातून मोजल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. मी स्वतः १३० च्या खाली मोठ्या मॅचला जात नाही. १४७ साठी ते ८८५ एफपीएस, १२४ साठी १०४९, ११५ साठी ११३१.

आता मऊपणाबद्दल. पॉवर फॅक्टर म्हणजे नववीच्या विज्ञानातला संवेग, वस्तुमान गुणिले वेग. तेव्हा १३० चा ११५ ग्रेन आणि १३० चा १४७ ग्रेन पॉपरला सारखाच ढकलतो. हाताला १४७ मऊ लागतो कारण त्याला पावडर कमी लागते, बॅरलमधून बाहेर पडणारा गॅस कमी, शिवाय स्लाइडची हालचाल संथ वाटते. पण तुमच्या मऊपणातला मोठा वाटा तो लोड मुळातच दुबळा आहे याचा आहे. १३५ शी १२६ ची तुलना करून '१४७ मऊ' म्हणणं बरोबर नाही.

आणि हा मऊपणा किती गुणांचा? ३२ राउंडची स्टेज घ्या, १४ पुठ्ठे, ४ लोखंड. तुमचा हिट फॅक्टर ६ धरू. मऊ गोळीने प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन गोळ्यांतलं अंतर ०.०३ सेकंदाने कमी झालं असं उदारपणे मानलं तरी स्टेजभरात ०.४२ सेकंद वाचले. मायनरला पुठ्ठ्याच्या मधल्या ए भागाऐवजी बाहेरच्या सी भागात गोळी लागली की दोन गुण जातात, ६ च्या हिट फॅक्टरला ते ०.३३ सेकंद. एक मिस म्हणजे ए चे पाच गेले आणि वर दहा दंड, एकूण पंधरा गुण, अडीच सेकंद. अडकलेली पुंगळी झटकून पुन्हा नेम धरायला तेवढेच अडीच-तीन सेकंद. म्हणजे एका स्टेजला एकदा जरी पुंगळी अडकली तरी मऊपणाची सहा-सात स्टेजची कमाई साफ. १२४ वापरा आणि झोपा शांत.

स्टँडबाय:

वरच्याला अनुमोदन, फक्त पॉपरचं सांगतो, कारण मी आरओ (रेंज ऑफिसर, म्हणजे पंच) म्हणून बऱ्याच मॅचना उभा असतो.

पॉपर डुलून उभा राहिला तर बहुतेकदा गोळी खाली लागलेली असते. वरच्या गोल भागात लागली की १२६ काय, त्याहून कमीही पाडते. आम्ही पॉपर लावतानाच ११५ ते १२५ पॉवर फॅक्टरच्या काडतुसांनी तपासतो. नियम असा: तुम्ही पुन्हा मारून पाडलात तर विषय संपला. उभा सोडलात आणि हरकत घेतलीत, तर तो कोणीही न हलवता त्यावर कॅलिब्रेशनची (तीच तपासणीची) गोळी मारतात. पडला, तर तुम्हाला मिस. नाही पडला, तर पूर्ण स्टेज पुन्हा. कान टवकारून 'मी टणत्कार ऐकला' म्हणणाऱ्यांना यात काही सूट नाही. माझं मत, लागला असं वाटलं आणि उभा दिसला की लगेच दुसरी मारा. ०.३ सेकंदाचा सौदा आहे. दूर निघून गेल्यावर लक्षात आलं तरच हरकतीचा विचार करा.

स्प्रिंगबद्दल: अशा बऱ्याच पिस्तुलांत फॅक्टरी स्प्रिंग १७-१८ पौंडाची असते, ती पूर्ण ताकदीच्या काडतुसांसाठी. हलक्या लोडला १५ ची बसवली की पुंगळी नीट उडते. मात्र १३ वर आंधळेपणाने उतरू नका, स्लाइड पुढे जाताना काडतूस पूर्ण आत बसवायला जोर कमी पडू शकतो, आणि स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात हे जास्त जाणवतं.

डॉटचे स्क्रू बघितलेत का? स्क्रू आणि स्लाइड मिळून पेंट-पेनने एक बारीक पांढरी रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. मॅचच्या सकाळी एक नजर टाकली की झालं. आणि ब्राइटनेस 'मेक रेडी' हा तयारीचा हुकूम ऐकल्यावर, ज्या दिशेला मारायचंय तिकडे बघून लावा. शेडच्या सावलीत लावलेला डॉट टेक्सासच्या उन्हात पुठ्ठ्यावर दिसतच नाही.

पंचगंगा:

दादा, मी कोल्हापूरची, २५ मीटर स्पोर्ट पिस्टल मारते, .२२, उघडी साइट, एका हाताने. त्यामुळे तुमच्या धावपळीतलं मला कळत नाही, पण 'डॉट सापडत नाही' हे ओळखीचं वाटलं. आमच्या रॅपिड फेरीत हात ४५ अंशांवर खाली असतो आणि तीन सेकंदांत वर आणून एकच गोळी मारायची. साइट शोधायला वेळच नसतो, मनगट रोज त्याच कोनात लॉक होऊन वर आलं तरच ती समोर असते. ते फक्त ड्रायने, म्हणजे गोळी न भरता केलेल्या सरावाने येतं. आमचे सर गोळीपेक्षा ड्राय जास्त करून घेतात. भिंतीवर छोटा ठिपका चिकटवायचा, डोळे मिटून हात वर आणायचा, मग उघडून बघायचं कुठे आलंय. तुमच्याकडे दोन हातांनी करून बघा.

एक शंका: हा प्रकार आपल्याकडे खेळता येईल का? स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसच्या ब्राँझनंतर आमच्या रेंजवर गर्दी वाढलीय, पण सगळे एअर पिस्टल आणि रायफललाच येतात.

डावा डोळा:

@पंचगंगा, ताई, ९ एमएम भारतात सामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधित बोअर (कॅलिबर) आहे, तिथेच मोठी अडचण. तुमची .२२ आणि .३२ ची स्पर्धा वेगळी. ड्रायबद्दल शंभर टक्के सहमत. त्यात भर: डॉटच्या पुढच्या काचेवर कागदी टेप लावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून ड्रॉ करा. मेंदू टार्गेट बघतो, डॉट त्यावर तरंगतो. काचेत डोळे घालून शोधायची सवय आपोआप सुटते.

नुकताच आलेला:

धागा वाचून उत्साह आला. मी डॅलसला, एच-वन-बी वर. रेंजवर भाड्याने पिस्तूल घेऊन सुरुवात केली तर चालेल ना?

स्टँडबाय:

थांबा! नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे, आणि भाड्याची हातात घेतली तरी ते बाळगणंच. अपवाद आहेत, उदाहरणार्थ एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. पण धाग्यावरच्या सल्ल्यावर जाऊ नका, आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडसर नाही. तोवर मॅच बघायला या, पुठ्ठ्यांना टेप लावायला माणसं नेहमी कमीच असतात.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. १२४ च्या त्याच लॉटची एक पेटी आणखी मागवली आहे, आणि डिसेंबरात थंडीच्या सकाळी पुन्हा मोजेन. १४७ क्लब मॅचना संपवून टाकतो, तिथे क्रोनो नसतो.

@पंचगंगा, डोळे मिटून केलं. उघडले तेव्हा डॉट दरवेळी खिडकीच्या वर होता, म्हणजे नळी वर येतेय. पकड जरा उंच धरली तर खाली आला. टेपचा प्रयोग आज रात्री.

एकच राहिलं: १२४ ग्रेन १३५ ला असताना १५ पौंडी स्प्रिंग लावावी की फॅक्टरीच राहू द्यावी?

डावा डोळा:

फॅक्टरीच राहू द्या. पुंगळी उडतेय, स्लाइड बसतेय, मग हात कशाला लावायचा? १५ ची घेऊन बॅगेत ठेवा, लोड बदललात तर लागेल.