प्रतिसाद: सुनावणीला जाऊन काय होणार?

वर एकांनी विचारलंय, 'रस्ता रुंद होणार हे ठरलेलंच असतं, मग सुनावणीला कशाला जायचं?' पण सुनावण्या दोन असतात. पहिली भूसंपादनाची, राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६, कलम ३सी: जमिनीत हितसंबंध असलेल्यांनीच २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची. दिवस मोजायचे ते भूसंपादनाची अधिसूचना राजपत्रात आली त्या तारखेपासून, पेपर हातात पडल्यापासून नव्हे. म्हणजे इंदूरजवळच्या सिमरोलकडचा शेतकरी बोलू शकतो, पण तोच रस्ता रोज ओलांडणारी शाळकरी पोरं त्यात कुठेच बसत नाहीत. खरी खोट इथेच आहे.

दुसरी पर्यावरणाची, २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखालची. तिथे स्थानिक कुणीही बोलू शकतो, इतिवृत्तात नोंद होते. मात्र २०१३ पासून रुंदीकरणाच्या बऱ्याच कामांना तिच्यातून सूट आहे. (आपल्याकडची, म्हणजे मध्य प्रदेशातली, मंगळवारची कलेक्टर ऑफिसातली जनसुनवाई वेगळीच, तिथे नळापासून नामांतरणापर्यंत, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या नावबदलापर्यंत, सगळं चालतं.)

'अंडरपास हवा' एवढंच लिहिलेला अर्ज फाइलीत पडून राहतो. आराखड्यातला चेनेज, म्हणजे किलोमीटरचा आकडा, घाला. तिथून कोण, किती वाजता, कशासाठी ओलांडतं तेही लिहा आणि पोच घ्या. आणि हे टेंडरच्या आधी करा. नंतर अंडरपास वाढवायचा म्हणजे खर्च वाढला, आणि मग कुणी ऐकत नाही.